नंदिनीचा पन्हाळा

शालूबाईंनी फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि हुकूम सोडला, "आधी गाव दाव. गाव बघितल्याबगार मी घर बघत न्हाय."

इटलीतल्या त्या डोंगरी गावाचं नाव त्यांच्या जिभेवर बसत नव्हतं, म्हणून घरात सगळे त्याला नंदिनीचा पन्हाळा म्हणत. लेक राजनंदिनी फोन धरून चढण चढू लागली. दगडी वेस आली, तट आला, दोन माणसं अंग चोरून जातील एवढ्या गल्ल्या आल्या. वर घंटेचा मनोरा, खाली धुक्यात द्राक्षमळे. घरं मात्र एकामागून एक कुलूपबंद. पोरंबाळं शहरात गेलेली. म्हणून तर नंदिनी आणि जावई पृथ्वीराज यांना तिथं स्वस्तात घर मिळालं होतं.

"झ्याक हाय की! पर पन्हाळ्यावर निदान झुणका-भाकर तरी मिळती," शालूबाई म्हणाल्या.

शेजारी थोरल्या जाऊबाई धोंडुबाई हिरवी साडी नेसून बसल्या होत्या. मंगळवार पेठेतल्या या घरात कुठलंही कार्य असो, कुंकवाचा करंडा त्यांच्या हाती असे. नवरा गेल्यापासून शालूबाई चुलीपाशीच. स्वतःच्या लेकीची ओटी भरताना त्यांनी दाराआडून पाहिली होती. तेव्हा फार लागलं होतं, पण बोलून दाखवलं नव्हतं. आणि तरी पाच सवाष्णींना कुंकू लावल्याशिवाय नंदिनीनं नव्या घरात राहायचं नाही, हा सकाळपासूनचा हट्ट त्यांचाच होता.

"आई, दूध तापत ठेवलंय. पण सवाष्णी कुठनं आणू? गल्लीत चारच बायका हायत. चौघींचेही नवरे गेलेत."

पडद्यावर काळ्या कपड्यांतल्या म्हाताऱ्या दिसल्या. एकीच्या हातात पाव, दुसरीच्या ओच्यात लिंबं. सगळ्यांत वयस्कर होती ती उंबऱ्याबाहेरच थांबलेली.

"ती का आत येईना?"

"तिचा जन्म ह्याच घरातला, आई. आता घर आमचं झालं, बोलावल्याशिवाय कसं यायचं, म्हणती."

धोंडुबाई खाकरल्या. "मग कुंकवाचं ऱ्हाऊ दे बाई. नुसतं दूध उतू घाल."

शालूबाई त्या उंबऱ्याकडे बघत राहिल्या. दाराबाहेर उभं राहणं काय असतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"नंदिनी, हात धरून आत घे तिला. पयलं कुंकू तिला. मग बाकीच्यास्नी."

"पण आई..."

"मी सांगतोय न्हवं?"

नंदिनीनं त्यांच्या भाषेत काहीबाही समजावलं. म्हाताऱ्या एकमेकींकडे बघून हसल्या आणि लाडानं कपाळं पुढे करत गेल्या.

"चार झाल्या. पाचवी मोठी आई," नंदिनी म्हणाली.

पुतणीचं बोलणं ऐकून धोंडुबाईंनी पदर सारखा केला.

"पाचवी मी," शालूबाई म्हणाल्या आणि फोनपुढं ठेवलेल्या कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवलं.

फोनमधून दूध उतू गेल्याचा चरचराट आला. धोंडुबाईंनी जावेचं मनगट धरलं आणि करंडा आपल्याकडे ओढून घेतला.

"सोड," त्या म्हणाल्या. "आरशाबगार वाकडं लागंल. हिकडं तोंड कर."