तिसरा फिल्टर

कुन्नेईचा पारा पहाटेपासूनच चढलेला होता. विल्युई नदीपलीकडचं तैगाचं जंगल आठवडाभर जळत होतं आणि त्या धुरात काळा कार्बन किती, हे मोजायला ती याकुत्स्कहून आली होती. निव्वळ जंगलाच्या धुराचा, बारा तासांचा एकच नमुना हवा होता. तीन उन्हाळे तो हाती लागला नव्हता. यंदाही नाही मिळाला, तर संस्था इथलं काम गुंडाळणार होती. आणलेल्या तीन फिल्टरांपैकी दोन, ती ज्यांच्याकडे उतरली होती त्या गाव्रीलकाकांच्या धुरीने वाया घालवले होते. गुरांना डास खाऊ नयेत म्हणून ते गोठ्याजवळ गोवऱ्या धुमसत ठेवायचे.

"काका, मला जंगलाचा धूर हवाय, तुमच्या शेणाचा नाही!"

"धुरावर काय नाव लिहिलेलं असतं, पोरी?"

"माझ्या यंत्राला कळतं. आज पेटवलीत ना, तर इथेच बसून रडेन मी."

म्हाताऱ्याने धुरी विझलेलीच ठेवली आणि घोड्याच्या केसांची चवरी घेऊन तो गाईंमध्ये उभा राहिला, तो थेट संध्याकाळपर्यंत. डासांनी नुसता कहर केला. वासरू जमिनीवर नाक घासत होतं. कुन्नेईला बघवेना, म्हणून तिने पाठ फिरवली.

बारा तास भरले आणि संध्याकाळी सहाला फिल्टरमधून हवा ओढणारा पंप थांबला. फिल्टर छान काळा झाला होता. मग तिने यंत्राची मिनिटामिनिटाची नोंद उघडली. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी रेघ एकदम वर उसळली होती. जंगलाचा धूर असा उसळत नाही. आणि फिल्टरवरून तेवढी दहा मिनिटं खरवडून काढता येत नाहीत.

ती तणतणत गोठ्यात गेली.

"पेटवलीतच ना शेवटी? सकाळी सकाळी!"

काकांची मान आणि हात सुजून लाल झाले होते. "मी नाही. चूल तू पेटवलीस. पंप सुरू केलास आणि विस्तवाला लोणी लावलेल्या घावनाचा घास दिलास. मला बरं वाटलं. म्हटलं, शहरात राहून पोरगी विसरली नाही."

कुन्नेईला आठवलं. पंपाच्या हवा ओढणाऱ्या नळीच्या अगदी खालीच. आईने शिकवलं होतं तसं, "यंदा तरी दे" असं पुटपुटत.

"तेव्हाच का नाही बोललात?"

"विस्तवाला घास देणाऱ्याला कोणी टोकतं का?"

तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. एवढ्या वर्षांची धडपड वाया गेली, आणि ती तिनेच घालवली.

"काडेपेटी द्या," ती म्हणाली.

गोवऱ्या रचताना तिला रडू आवरेना. धूर पसरला, तसं वासराने नाक वर केलं.