लालबागच्या कपाटातला बाँब

मी कपाट बोलतोय. व्याकरणवाले म्हणतील, कपाट नपुंसकलिंगी, 'बोलतंय' म्हण. त्यांनी आपल्या घरची कपाटं शिकवावीत! मी अस्सल सागवानाचा गडी आहे, लालबागच्या वाचनालयात उभा आहे, आणि माझं उजवं दार पोलिसांनी बंदुकीच्या दस्त्यांनी फोडलंय. एवढा मार खाल्ल्यावर कसं बोलायचं ते माझं मी ठरवीन.

जन्म माझा फणसवाडीतला. मनमोहनराव नावाच्या पिढीजात मुंबईकर गृहस्थांनी मला करवून घेतलं, सोनेरी अक्षरांची पुस्तकं माझ्यात लावली आणि किल्ली अशी जपून ठेवली की त्यांना स्वतःलाच सापडेना. त्या घरात पुस्तकं वाचली ती फक्त वाळवीनं. मनमोहनराव गेल्यावर सुनेनं अडगळ नको म्हणून मला लालबागला देऊन टाकलं.

इथं माझं नशीब उघडलं. चाळीच्या तळमजल्यावरची एक खोली, आणि ती चालवणारा लवूमामा. गिरणीतून निवृत्त झालेला, तोंडानं फटकळ. कुठलं पुस्तक कुणाकडे गेलंय ते सगळं त्याच्या डोक्यात. त्याचा नियम एकच. पुस्तक परत करताना त्यावर चारचौघांत एक वाक्य बोलायचं. नाही बोललास तर दुसरं पुस्तक नाही. "बाबा रे, नुसता वजन उचलूचा तर गोदीत जा!" असं तो म्हणायचा.

मग काय ऐकायला मिळायचं म्हणून सांगू! प्रेमाची कादंबरी परत करताना एकजण म्हणाला, "ही दोघं पहिल्याच पानावर बोलली असती तर आमची तीनशे पानं वाचली असती." आरोग्यावरचं पुस्तक नेणारा चेहरा पाडून आला, "बाळंतरोग सोडून सगळे रोग मला आहेत." विलायतेचं प्रवासवर्णन? "थंडी वाजली, पण पोट भरलं नाही." अभंगांवरची टीका परत करताना चाळीतली मीराबाई म्हणाली, "समाजला नाय, पण रडाक इला." मनमोहनरावांच्या घरात वीस वर्षं उभा राहून मला जे कळलं नाही ते इथं एका पावसाळ्यात कळलं.

अन् एखादं पुस्तक फारच आवडलं, की सगळ्यांचा एकच शब्द. "बाँब!" पंचावन्न साली असा बाँब म्हणजे एका दरोडेखोराची कादंबरी होती. तिच्यासाठी रांग लागलेली. त्या वेळी ती जाईबाईकडे होती. जाईबाई गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात, लग्न झालेलं नाही, धाकट्या भावाला, शिवाला, तिनंच वाढवलेलं.

आणि आला छप्पन सालचा जानेवारी. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं सरकारनं ठरवल्याचं कळल्यावर लालबाग पेटलं. दगड, लाठ्या, अश्रुधूर, मग गोळ्या. माझ्या खिडकीसमोरच्या रस्त्यावर माणसं धावताना दिसायची, आणि मग त्यांतली काही धावायची थांबायची. शिवाच्या पोटात गोळी लागली. इस्पितळात नेलं तर पोलीस उचलतील, म्हणून चाळकऱ्यांनी त्याला जाईबाईच्या खोलीत लपवला. सगळ्या चाळीला ठाऊक, आणि सगळ्या चाळीचं तोंड बंद.

संचारबंदी घटकाभर उठली तशी माणसं पुस्तकं बदलायला आली. हसू नका, घरात कोंडलेल्या माणसाला दुसरं काय असतं? त्यात दगडू होता. साच्यांच्या खडखडाटात जन्म गेलेला विणकर. ह्या लोकांना हळू बोलणं माहीतच नाही. दारातूनच गर्जला, "लवूमामा, कपाटात बाँब आला काय रे? माझा नंबर कधी?"

झालं! बाहेरून पोलिसांची गस्त चालली होती. परप्रांतातून आणलेला अधिकारी, त्याला मराठी शून्य. पण 'बाँब' कुठल्याही भाषेत बाँबच. दणादण आत शिरले. लवूमामा म्हणाला, "सायब, किताब है, किताब!" तुकडीतला नायगावचा एक हवालदारही पुढे झाला, "साहब, ये लोग किताब को ही..." अधिकारी खेकसला, "चुप! कहाँ है बम?"

माझं कुलूप उघडंच होतं, तरी दार फोडलं मेल्यांनी! फळ्या ओढल्या, पुस्तकं भिरकावली, बुटांखाली चिरडली. काहीच सापडेना तेव्हा दगडूला धरला. "किताब है तो दिखाओ. किसके पास है?"

दगडूनं माझ्याकडे पाहिलं. लवूमामानं जमिनीकडे पाहिलं. नाव सांगितलं तर जाईबाईची खोली, आणि खोलीत शिवा. पहिला दस्ता दगडूच्या तोंडावर बसला. दुसऱ्यानं दात पडले. मग त्याचा उजवा हात माझ्या फळीवर ठेवून त्यावर हाणलं. बोटं मोडल्याचा आवाज माझ्या लाकडातून गेला. लवूमामा मध्ये पडला तर त्याचं डोकं फुटलं. पण नाव नाही निघालं. मला देवानं हात दिले असते ना, तर त्या अधिकाऱ्याचं नरडं आवळलं असतं, खोटं कशाला बोलू!

तेवढ्यात दारातून आवाज आला, "सोडा त्येका. ह्यो घ्या तुमचो बाँब."

जाईबाई. हातात ती कादंबरी. अधिकाऱ्यानं हिसकावून पानं झाडली. काही पडलं नाही.

लवूमामा रक्त पुसत कळवळला, "जाय, तू कित्याक इलंस गो? घराकडे..."

"घराकडे आता लपवूचा काय नाय, मामा. शिवा गेलो."

ती माझ्यासमोर उभी राहिली आणि नियमाप्रमाणे बोलली. "पुस्तक खोटा आसा. त्या दरोडेखोराक गोळी लागता, आणि तो दोन पानां बोलता. माझ्या भावान आवाज काढूक नाय. बाहेर ऐकतीत म्हणून माझो पदर चावून जीव सोडल्यान."

अधिकाऱ्यानं विचारलं, "क्या बोल रही है?"

नायगावच्या हवालदाराला अक्षर न् अक्षर समजलं होतं. तोही मूळचा मालवणचाच. तो म्हणाला, "कुछ नहीं साहब. कहती है, किताब पसंद नहीं आयी."

अधिकाऱ्यानं पुस्तक फेकलं आणि तुकडी निघून गेली.

पुढं साठ साली महाराष्ट्र झाला. चाळीत पेढे वाटले, दिवे लावले. दगडू डाव्या हातानं पेढा घेऊन आला. त्याच संध्याकाळी जाईबाईही आली, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा, आणि म्हणाली, "मामा, ज्याचो शेवट खरो आसा, असा एक तरी पुस्तक दी." लवूमामानं वरपासून खालपर्यंत माझी फळी न् फळी धुंडाळली. मग तो तसाच उभा राहिला, माझ्याकडे तोंड करून. तिच्याकडे वळायची त्याची छाती झाली नाही.

लाज वाटली मला. एवढं पुस्तकांनी भरलेलं माझं पोट, आणि त्या बाईला द्यायला एक नाही! तुम्ही शिकलेली माणसं, तुमच्यातलं कुणी लिहितही असेल. लिहा तिच्यासाठी, हात असते तर जोडून सांगितलं असतं. उजवं दार मला आता नाहीच. कधीही या आणि आणून ठेवा. तेव्हापासून जाईबाई अजून दर आठवड्याला येऊन विचारते.