ताजा चोथा

अण्णांनी होकार दिला, पण अट घालूनच.

"आण बाई तुझा तो दारूचा चोथा. पण आठवड्यातून एकदाच, आणि गाडीवर ताडपत्री टाकून. मला लोकांसमोर उभं राहायचं असतं."

अण्णा कीर्तनकार. दारूवर बोलायला लागले की बायका डोळे पुसत आणि पुरुष जमिनीकडे बघत. रस्त्याच्या टोकाच्या बिअरच्या कारखान्याला ते 'अवदसेचं माहेर' म्हणत, आणि त्या शब्दावर हमखास हशा पिकायचा.

सूनबाई चिकाटीची. "दारूचा नाही हो अण्णा, जवाचा. जव गरम पाण्यात भिजवून त्याचा गोडवा तेवढा काढून घेतात, उरतं ते हे. दारू नंतर होते. याला ती शिवलेलीसुद्धा नसते."

"नसते ना? मग झाकून आणायला काय हरकत आहे?"

ती ताडपत्री शोधायला गेली. नवरा परगावी नोकरीला, घर चालायचं ते गोठ्यातल्या तीन गाईंवर. पेंडीचे भाव परवडेनात. चोथा लागू पडला नाही तर गाई विकायच्या, हे सासरा-सून दोघांनाही ठाऊक होतं. आणि देवाच्या दयेनं तो लागू पडला. गाई बोटं चाटावीत तशी गव्हाण चाटू लागल्या, दूध वाढलं. आठवड्याच्या शेवटी मात्र ते घटायचं. का, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग एका गुरुवारी सकाळी गाभण तांबी उठेना. पोट फुगलेलं, रवंथ बंद.

गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी आधी गाय तपासली, औषध पाजलं, मग चोथ्याच्या पिंपाचं झाकण उघडलं आणि नाक मुरडलं. वरचा थर बाजूला केला तर खाली हिरवी बुरशी.

"हे कधीचं?"

"रविवारचं," सूनबाई म्हणाली.

"अहो, ओला चोथा दोन दिवसांत आंबतो! रोजच्या रोज का नाही आणत? कारखाना तर हाकेवर आहे."

सूनबाईनं मान खाली घातली. तिला सांगता आलं असतं. सांगितलं नाही. ते मौन अण्णांना दारात उभ्या उभ्या झोंबलं.

"माझ्यामुळे," ते म्हणाले. "अब्रू झाकायची होती."

"अब्रू दोन दिवसांत नासत नाही, अण्णा. चोथा नासतो. ही वाचेल, पण पुन्हा असं पिंप पोटात गेलं तर वासराचं काही सांगता येणार नाही. ताजा द्या, नाहीतर देऊच नका."

दुसऱ्या दिवशी सूनबाई हातगाडी काढायला गेली, तर गाडी जागेवर नव्हती.

अण्णा कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडत होते, आणि नेमका समोरून शिंपी आला. कीर्तनाला कायम पहिल्या रांगेत बसणारा.

"अण्णा! तुम्ही, आणि अवदसेच्या माहेरी?"

अण्णांनी गाडी थांबवली. "गाईसाठी," एवढंच म्हणाले.

"सगळे असंच कुणाचं तरी नाव सांगतात हो."

अण्णांना हसू फुटलं. "चोथ्यात हात घालून बघ."

शिंप्यानं बिचकतच हात घातला. "गरम आहे की! आणि वास तर भाजलेल्या धान्याचा."

"मलाही आजच कळलं," अण्णा म्हणाले आणि गाडी ढकलत भर रस्त्यानं घरी आले.

पण तांबीनं तोंड फिरवलं. आधीच्या दुखण्याची धास्ती तिच्या मनातून जाईना. बाकीच्या दोघी भराभर खात होत्या, ही नुसती बघत राहिली. अण्णांनी पाट घेतला आणि तिच्यासमोर बसले. मूठभर चोथा तळहातावर धरायचा, हळू आवाजात देवाचं नाव गुणगुणायचं, हात अवघडला की दुसरा पुढे करायचा. दुपार कलली. शेवटी तिनं एकदा हुंगलं, जीभ लावली, मग थोडं उचललं. जरा वेळानं जबडा आडवा हलू लागला.

"रवंथ करतेय!" सूनबाईचे डोळे भरून आले.

संध्याकाळी शिंपी बोलवायला आला. "अण्णा, कीर्तनाला मंडळी जमलीत."

"उशीर होईल म्हणावं. ही माझ्याच हातून खातेय."

"काय कारण सांगू?"

अण्णांनी दुसरी मूठ भरली. "आहे तेच सांग. गाईला चोथा भरवतायत. आणि कुठला म्हणून विचारलं, तर तेही सांग."