बैलाचा खोकला

मुखरूनं राजुऱ्याकडच्या खाणीत अठरा वर्षं कोळसा काढला आणि त्यातला बराचसा छातीत भरून चामोर्शीजवळच्या आपल्या गावी आणला. तेव्हापासून घरात त्याला कोणी काही करू देत नसे, काही विचारतही नसे. काळजीच इतकी घेतली जाई, की आपण घरात आहोत की नाही अशी त्याला शंका येई.

गुणवंतराव मुलाला, सुकलूला, घेऊन मुखरूच्या मुलीला, आशाला, पाहायला येणार त्या सकाळी मुखरूच्या बायकोनं, वच्छलानं, त्याची खाट गोठ्यात बैलाशेजारी टाकली.

"घंटाभर पडून राहा. खोकला आयकून पाव्हणे क्षय म्हनतीन."

"पोरीचा बाप कुठी, पुसलं तं?"

"चांद्याले गेला म्हनू. कोरटात."

मुखरूनं जन्मात कोर्ट पाहिलं नव्हतं. पण पोरीची सोयरीक मोडायला नको म्हणून तो निमूट आडवा झाला. गोठ्यात छतापर्यंत भाताचं धुळकट तणस रचलेलं. खोकला लपवायला याहून वाईट जागा गावात दुसरी नव्हती. चहा येईपर्यंत त्यानं दाबून धरला. मग कुडाची भिंत हादरली.

"कोन खोकलून राह्यलं जी?" गुणवंतरावांनी विचारलं.

"बैल," मेहुणा पत्रू म्हणाला. तो हजरजबाबी म्हणून प्रसिद्ध होता.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाले."

कप खाली ठेवल्याचा आवाज आला. गुणवंतराव शंकरपटाचे, बैलांच्या शर्यतींचे, शौकीन. सोयऱ्याचं दुखणं त्यांनी एक वेळ चालवून घेतलं असतं. "दोन वर्षं खोकलनारा बैल? आमच्या जोडीले लागन तं? ऊठ रे सुकलू!"

मुखरू उठून गोठ्याबाहेर आला. केसांत तणस, हात खांबाला.

"बैल... ठनठनीत हाये. खोकलतो तो मी. पोरीचा बाप."

वच्छलानं तोंडात पदर कोंबला.

"क्षय?"

"खानीची धूळ." तो दम घ्यायला थांबला. सगळे थांबले. दोन वर्षांत त्याच्या वाक्यासाठी कोणी थांबलं नव्हतं. "कोनाले... लागत नाई."

गुणवंतराव गोठ्यात गेले, बैलाचं तोंड उघडून पाहिलं आणि समाधानानं परतून व्याह्याला जागा द्यायला सतरंजीवर सरकले. "बसा इवाई."

पत्रू होकार सांगायला पुढे झाला. मुखरूनं हात वर केला.

"मले पुसाचं हाये. खानीत जाशीन काय रे?"

"नाई जी. धानच करतो," सुकलू म्हणाला.

"आशे, तुले पसंत?"

दारातून आशानं मान डोलावली.

"मंग सुपारी आना!" हे मात्र मुखरू एका दमात म्हणाला, आणि पाहुण्यांसमोर, सतरंजीच्या मधोमध बसून, मनसोक्त खोकला.