आजीच्या कवळीवरचा लाल रंग

आजी गेल्यापासून आजोबांना एकट्याने जेवण जात नसे. ते दातांचे डॉक्टर. नातीला त्यांनी रंगाची गोळी चावायला दिली.

"लाल दिसेल तिथे जंतूंचा थर. आता ही पेस्ट लाव. हिच्यातल्या जस्ताच्या क्षारांमुळे थर लवकर धरत नाही."

खोडकर नातीने उरलेली गोळी कपाटातल्या आजीच्या कवळीवर चोळली. कवळी लालभडक झाली.

"आजोबा, आजीने दात घासले नाहीत!"

आजोबा दचकले. वर्षापूर्वी त्यांनीच ती धुऊन ठेवली होती, आणि स्वच्छ कवळी रंग धरत नाही. थर धरतो तो जेवणाऱ्याच्या तोंडात.

त्यांनी कवळी घासून कुलपात ठेवली. दोन दिवसांनी पुन्हा रंग लावला. पुन्हा लाल!

त्या दिवसापासून आजोबा दोन ताटं वाढतात आणि पोटभर जेवतात.