शुक्रवार आधी, बुधवार नंतर

साहेब, तारखा तुम्ही ठरवल्यात. मुलीने नाही, तिच्या बापाने नाही, खिडकीतल्या कारकुनानेही नाही. दोन्ही कॉलेजांच्या पत्रांवर खाली तुमच्याच प्रवेश कार्यालयाचा गोल शिक्का होता. एका पत्रात शुक्रवार, दुसऱ्यात त्याच्या पुढचा बुधवार. शिक्का मारताना तुम्ही एकदा तरी कॅलेंडरकडे मान वर करून बघितलंत का?

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. कॉलेजच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर पडून आहे. माझ्यावर एक नंबर चिकटवलाय. पण माझा जन्म नंबरासाठी झाला नव्हता.

मला एका बाइंडरने बनवलं. छापखान्याच्या मागच्या खोलीत तो पुस्तकं बांधायचा. त्याची मुलगी शाळेत जायला लागली त्या आठवड्यात त्याने जाड पुठ्ठ्याचे उरलेले तुकडे जमवले, पाठीला तपकिरी कापड लावलं, खळ घोटली आणि मला दोन दिवस वजनाखाली दाबून ठेवलं. कटिंग मशीनवरचा त्याचा सोबती हसला होता.

"अरे, पोरगी पहिलीत चाललीय की मंत्रालयात?"

"तू काप," बाइंडर म्हणाला. "माझी फाईल तिच्या म्हातारपणापर्यंत टिकेल."

माझ्या पोटात आधी लसीचं कार्ड आलं, मग प्रगतिपुस्तकं, मग बक्षिसांची प्रमाणपत्रं. ही सगळी बक्षिसं दगडांच्या संग्रहासाठी. मुलीला दगड गोळा करायचा नाद होता. दप्तर उघडलं की वह्यांच्या आधी खडे बाहेर पडायचे. बाप तिला लाडाने गारगोटी म्हणायचा. शाळेतल्या बाईंनी मला हातात घेऊन साऱ्या वर्गाला दाखवलं होतं, "कागद असे ठेवावेत." तेव्हा मी फार फुगले होते.

दहावीच्या निकालाच्या दिवशी मात्र घात झाला. बसथांब्यावर वारा आला आणि गुणपत्रक माझ्यातून निसटून रस्त्यावर गेलं. गारगोटी दोन गाड्यांच्या मधून धावली. कागद मिळाला, पण बापाने दिवसभर तिचा हात सोडला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने एकेका मूळ कागदाच्या कडेला पातळ पट्टी चिकटवली, आरीने पट्टीला भोकं पाडली आणि मेण लावलेल्या दोऱ्याने सगळे कागद मला शिवून टाकले. मूळ कागदाला एकही टाका लागला नाही. बारावीचं गुणपत्रक आणि शाळा सोडल्याचा दाखला आला, तेव्हा तेही तसेच शिवले.

मग ती दोन पत्रं आली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन्ही ठेवली होती आणि मी मधे.

एक मोठ्या कॉलेजचं. तिथल्या प्रबंधांच्या पाठीवर सोनेरी अक्षरं उठवण्याचं काम बाइंडर वीस वर्षं करत होता. भूगर्भशास्त्रासाठी त्याच्यासारखं दुसरं कॉलेज नव्हतं. प्रवेश दिला होता. शिष्यवृत्तीचं मात्र "बुधवारी कळवू."

दुसरं लहान कॉलेजचं. फीपासून वसतिगृहापर्यंत सगळं माफ. अट एकच, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मूळ दाखला जमा करायचा. नाहीतर जागा पुढच्याला. भूगर्भशास्त्र तिथेही होतं, एका शिक्षकापुरतं.

"नावाला काय चाटायचंय?" आई म्हणाली. ती दवाखान्यात चादरी धुवायची, हात कायम पांढरे पडलेले. "इथं सगळं फुकट देतायत, तर तुम्हाला सोनेरी अक्षरं हवीत."

"अगं, ती अक्षरं मी उमटवतो. त्यांच्याआड काय असतं ते मला माहितेय."

"मग शिष्यवृत्ती नाही मिळाली तर फी काय खळीने चिकटवणार आहात?"

गारगोटी म्हणाली, "आई, बुधवारपर्यंत थांबू या ना."

"आणि बुधवारी नाही म्हणाले तर? तोवर हेही गेलेलं असेल, बाळा."

गारगोटीने फोन लावले. मोठ्या कॉलेजातून उत्तर आलं, "ताई, यादी बुधवारीच लागते." लहान कॉलेजातून, "पाच दिवस? मागे तीस जण उभे आहेत."

शुक्रवारी दुपारी आम्ही लहान कॉलेजच्या खिडकीपाशी उभे होतो. कारकुनाला फक्त दाखला हवा होता. "एवढा एक काढून द्या."

बाइंडरने दोऱ्यावर अंगठा फिरवला. "एक तोडला की सगळी शिवण सुटते हो. राहू द्या, अख्खी फाईलच ठेवा. तुमच्याकडे सुरक्षित राहील."

मित्रांनो, मला तेव्हा ओरडायचं होतं. पुठ्ठ्याला तोंड नसतं.

कारकुनाने खांदे उडवले, पावतीवर 'एक फाईल' लिहिलं आणि मला कपाटात सरकवलं.

पुढच्या गुरुवारी खिडकीतून ओळखीचा आवाज आला. बाप धापा टाकत होता, शेजारी गारगोटी. मोठ्या कॉलेजने पूर्ण शिष्यवृत्ती दिली होती! दाखला महिन्याभरात दिला तरी चालणार होता, पण शनिवारपर्यंत मूळ गुणपत्रक दाखवायचं होतं.

"एक पान द्या फक्त. ब्लेड आणलंय मी. दाखला राहू दे तुमच्याकडे, रीतसर अर्ज करून नेतो नंतर."

"नोंद फाईलची आहे, काका. एक नग. सुटं पान देता येत नाही. फाईल परत हवी तर अर्ज करा, पंधरा दिवस लागतील."

"अहो, शनिवार परवा आहे."

"मला कळतंय. पण मी दिलं तर माझी नोकरी जाईल."

तो खोटं बोलत नव्हता. त्याने मोठ्या कॉलेजला स्वतः फोनही लावून दिला. तिकडून विचारलं, "मूळ प्रत आहे का?" आहे. "मग दाखवा." इकडे कुलूप, तिकडे मुदत. मी दोन हातांवर होते, मधे एक पत्र्याचं दार. बापाचं ब्लेड खिशातच राहिलं.

"मी शिवलं," तो एवढंच म्हणत होता. "मीच शिवलं गं."

"बाबा, चला," गारगोटी म्हणाली. तिचा आवाज मी पहिलीपासून ऐकते आहे. तसा कधी ऐकला नव्हता.

आता ती याच कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. प्रयोगशाळेला बहुतेक वेळा कुलूपच असतं, कारण एकमेव शिक्षक वर्षभर आजारी आहेत. तिच्या दप्तरातून खडे पडल्याचा आवाज हल्ली येत नाही. बापाने सोनेरी अक्षरांचं काम दुसऱ्याला देऊन टाकलं, असं ती मैत्रिणीला सांगत होती.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूने शेवटी सांगायचं असतं, कागद जपा. काय सांगू? त्या माणसाने जपले. त्याच्याइतके कुणीच जपले नसतील. जपण्यात चूक झाली असेल तर ती एका दोऱ्याएवढी. बाकीची कुणाची?

आज सकाळी कारकून टेबलावर नवीन वर्षाच्या प्रवेशाचं पत्रक घेऊन बसलाय. तारखांच्या जागा कोऱ्या आहेत. त्याने तुमच्या कार्यालयाला फोन लावलाय, साहेब, आणि विचारतोय, "यंदा आधी शिष्यवृत्तीची यादी, मग दाखला जमा करायची मुदत, असं करायचं का? की मागच्याच तारखा टाकू?"

रिसीव्हर त्याच्या कानाला आहे. पेन हातात आहे. खिडकीबाहेर आत्ताच एक मुलगा त्याच्या आईबरोबर येऊन उभा राहिलाय, हातात दोन पाकिटं.

बोला, साहेब. काय लिहू म्हणून तो विचारतोय.