दगडी सिंहाची दाढ

शिचियाओच्या पुलावर बाजाराच्या दिवशी एरवीच पाय ठेवायला जागा नसते, त्या दिवशी तर श्वास घ्यायलाही नव्हती. कोंबडीवाले कोंबड्या तशाच टाकून, भाजीवाल्या टोपल्यांवर पोती पसरून, सगळे पुलाच्या टोकाशी दगडी सिंहापाशी जमले होते. मधोमध स्टुलावर आमची छाओ मावशी तोंड वासून बसली होती आणि तिच्या दाढेत बांबूच्या नळीतून धूर जात होता.

नळीचं दुसरं टोक एका पालथ्या वाडग्याच्या भोकात खोचलं होतं. वाडग्याखाली तापून लाल झालेला तवा, तव्यावर चिमूटभर काळं औषध आणि तेल, आणि तव्यामागे पांग बुवा. पिवळा झगा, छातीपर्यंत दाढी, आणि जिभेला हाड म्हणून नाही.

"लोकहो, दाढेतला किडा येतो कुठून? पाताळातून. गोड खाणाऱ्याच्या दाढेत तो घर करतो, आंबट खाणाऱ्याच्या दाढेत संसार मांडतो, आणि काहीच न खाणाऱ्याच्या दाढेत उपाशीपोटी हाड कुरतडतो. सुटका कुणाचीच नाही. माझ्या गुरूच्या गुरूला हे औषध पांढऱ्या वानराने स्वतःच्या हाताने दिलं. ह्याच्या वासाने किडा भुलतो आणि नळीतून खाली उतरतो."

"वानराचे दात कसे होते, बुवा?" मी मागून विचारलं.

लोक हसले. बुवांनी माझ्याकडे असं पाहिलं की वानर परवडलं. मग त्यांनी मावशीच्या तोंडातली नळी काढली, वाडगा उचलला, वाडगा आणि तवा पांढऱ्या परातीत पाण्याने धुतले आणि परात सगळ्यांपुढे फिरवली. पाण्यावर बारीक पांढरे किडे तरंगत होते, वळलेले, डोकं काळसर. परात हलली की तेही हलत. सगळी गर्दी एका घशाने 'हाऽऽ' म्हणाली आणि मावशीने आपल्याच किड्यांना हात जोडले.

मी येन. गावातला गुरांचा डॉक्टर. पण आमच्याकडे गुरं थोडी आणि डुकरं फार, म्हणून गाव मला डुकरांचा डॉक्टर म्हणतं. डुकरांच्या विष्ठेत जंत शोधणं हे माझं रोजचं काम. किडा या प्राण्याशी माझ्याइतकी घसट गावात दुसऱ्या कुणाची नाही, आणि परातीतले ते पाहुणे माझ्या ओळखीचे वाटेनात.

तेवढ्यात गर्दी फाटली आणि लुओ आला. लुओ तिएनपाओ, गावचा खाटीक, माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. उजवा गाल फुगून डोळा बारीक झालेला. आदल्या दिवशी दाढेने अचानक दगा दिला तेव्हापासून त्याने घरातली चूल लाथेने फोडली होती, 'चरबी जास्त घातलीस' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला डुकराच्या तंगडीने बडवलं होतं, आणि शुहुआने, म्हणजे माझ्या बहिणीने, 'ओरडू नका' म्हटल्यावर तिच्यावर पळी फेकली होती. तिचं मनगट काळंनिळं झालं होतं. दातदुखी हा रोग नव्हे, पण जीव घेते, असं आमच्याकडे म्हणतात. घेते खरी, पण बहुतेकदा शेजाऱ्याचा.

मी त्याला सांगितलं होतं. कोमट पाण्यात मीठ घालून चूळ भर. बाहेरून गालावर गार पाण्याची घडी ठेव. दुखणं थांबायची गोळी गिळ, हिरडीवर चिकटवून बसू नकोस, हिरडी भाजते. आणि सकाळच्या गाडीने जिल्ह्याला दातांच्या डॉक्टरकडे जा. लुओने माझं सगळं ऐकून घेतलं आणि गालाला तापलेली वीट बांधली. दाढेत तिरफळं कोंबली, वर ज्वारीची दारू धरली, आणि ती थुंकायची सोडून गिळली. सूज दुपटीने वाढली. जिल्ह्याला जायचं नाव काढलं की म्हणे, "दाढ उपटली की डोळा जातो. आमच्या काकाचा गेला."

"तुझा काका आंधळा जन्मला होता, दाजी."

"मग त्याच्या बापाने उपटली असेल."

आता तो स्टुलावर बसला. धूर गेला, वाडगा उचलला, परात फिरली. किड्यांचे पुंजकेच्या पुंजके. बुवांनी वरून हिरडीवर कसलीशी पूड चोळली आणि थोड्या वेळाने लुओने जबडा हलवून पाहिला. ठणका खरोखरच उतरला होता. त्याने बुवांना लहान पोरासारखं उचलून खांद्यावर घेतलं. लोकांनी टाळ्या पिटल्या.

मी पुढे होऊन त्याच्या जबड्याखाली बोट लावलं. तिथे फळीसारखं घट्ट लागलं.

"दाजी, ठणका गेला, पण सूज खाली गळ्याकडे सरकतेय. हे वाईट आहे. आज चल जिल्ह्याला. आणि ते काही किडे-बिडे नाहीत."

"डुकरांचा डॉक्टर माणसांच्या तोंडात कशाला बोट घालतो?" बुवा खांद्यावरून म्हणाले. "ह्याला जळतंय. ह्याच्या हातून एक डुक्कर तरी वाचलंय का?"

"वाचलं तरी शेवटी हाच कापतो," मी लुओकडे बोट दाखवून म्हणालो.

यावर हसायला हवं होतं. कुणी हसलं नाही. बुवांच्या दोन चेल्यांनी माझी कॉलर धरली, एकाने पोटात गुडघा घातला, छाओ मावशीने मागून टोपली हाणली. आणि शेवटचा ठोसा लुओचा होता. डुक्कर एका फटक्यात आडवं करणारा हात तो. मी परातीवर जाऊन पडलो, परात उलटली, तोंडात रक्ताची चव आली आणि त्यात काहीतरी कडक लागलं. तो माझा पुढचा दात होता, अर्धा.

सगळ्यांत जास्त लागलं ते हे की मला मारताना ते हसत होते. ज्यांच्या डुकरिणींची बाळंतपणं मी थंडीत कोपरापर्यंत हात घालून केली, ते लोक.

घरी येऊन मी मिठाच्या पाण्याने चूळ भरली, ओठावर गार फडकं धरलं, गोळी गिळली. दुखलं, पण चूल शाबूत राहिली. मग भिजलेला सदरा काढताना बाहीवर पांग बुवांचे चार-दोन किडे चिकटलेले दिसले. मी ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले.

किड्याला तोंड लागतं, आतडं लागतं. त्याशिवाय तो खाणार काय आणि जगणार कसा? ह्याला दोन्ही नव्हतं. जे काळं डोकं म्हणून लोकांनी हात जोडले ते बीचं टरफल होतं, अजून टोकाला चिकटलेलं. आणि सदऱ्याला वास येत होता तो आमच्या प्रत्येकाच्या परसात वाढणाऱ्या, लसणीच्या वासाच्या पातीचा. तिचं बी कांद्याच्या बीसारखंच काळं असतं. मी बहिणीच्या डब्यातलं चिमूटभर बी आणून तव्यावर तेलात टाकलं, वर वाडगा पालथा घातला. तट तट उडालं. बी फुटलं आणि आतला पांढरा वळलेला अंकुर बाहेर पडला. पाणी ओतल्यावर परातभर किडे झाले. माझ्या स्वयंपाकघरात त्या वेळी कुणाचीही दाढ दुखत नव्हती.

मी ते दारोदार सांगितलं. लोक माझ्या तुटक्या दाताकडे बघून दार लावून घेत. लुओने दारामागून "सुरा आणू का?" एवढंच विचारलं.

पुढच्या बाजाराच्या सकाळी शुहुआ धावत आली. पायात एकच चप्पल होती.

"दादा, त्यांचं तोंड उघडत नाही. लाळ गिळता येत नाही. बोलतात ते तोंडात गरम रताळं धरल्यासारखं. बुवा म्हणतात किड्यांची आई आत राहिलीय, तिला बाहेरून डाग द्यायचा. ते पुलावर गेलेत."

जबड्याखालचा पू घशाकडे निघाला की माणूस गुदमरून मरतो. मी बैलाला असं मरताना पाहिलं आहे, आणि बैलाची मान लुओपेक्षा रुंद असते.

पुलावर लुओ सिंहापाशी बसला होता, पुढे झुकून, घोरल्यासारखा श्वास ओढत. डोळे बाहेर आलेले. मांडीवर त्याचा सुरा, कारण तो सुऱ्याशिवाय घराबाहेर पडतच नाही. बुवांच्या हातात लाल झालेली सळई होती.

मी गर्दीतून कोपरं मारत घुसलो आणि सळईवर बादलीभर पाणी ओतलं. वाफेने बुवांचे हात भाजले. चेले माझ्यावर आले. पहिल्याने माझा गळा धरला आणि लगेच सोडला, कारण शुहुआने दुकानातून उचललेलं डुकराच्या मांडीचं हाड त्याच्या कानशिलात घातलं होतं. तो खाली बसला तो बसलाच. मग तिने नवऱ्याच्या मांडीवरचा सुरा उचलला.

"आता दादा काय करतो ते सगळे बघा," ती म्हणाली. "मध्ये येईल त्याचं वजन मी दुकानात करीन."

आमची शुहुआ डुकराची आतडी धुताना गाणी म्हणते. तिचा आवाज असा कुणी ऐकला नव्हता. दुसरा चेला मागे सरला.

मी बुवांचा औषध ठेवायचा वाळका भोपळा हिसकावला. त्यांचाच तवा, त्यांचंच तेल, त्यांचाच वाडगा. औषध टाकलं, नळी खोचली आणि नळीचं टोक दगडी सिंहाच्या उघड्या तोंडात, उजव्या दाढेवर टेकवलं.

"हा सिंह आपल्या आज्यापणज्यांच्या आधीपासून इथे बसलाय," मी म्हणालो. माझ्या तुटक्या दातातून शब्द शिटीसारखे निघत होते, पण कुणी हसलं नाही. "ह्याने कधी गूळ खाल्ला नाही. ह्याची दाढ कुणी दुखताना ऐकली आहे का, मावशी?"

"दगडाची कशी दुखेल?" छाओ मावशी पुटपुटली.

मी वाडगा उचलला. तवा धुतला. परात मावशीच्या नाकाखाली धरली. पांढरे किडे, वळलेले, डोकं काळसर. मावशीने एक किडा बोटावर घेऊन पाहिला. मग तिने भोपळ्यातलं औषध तळहातावर घेतलं, फुंकर मारली, काजळी उडाली आणि काळं बी उरलं.

"हे तर पातीचं बी," ती म्हणाली. "हे मी दर वर्षी पेरते की."

सगळ्यांची तोंडं बुवांकडे वळली. मग बुवा म्हणाले, "सिंहालाही पूर्वजन्मीची कीड असू शकते," आणि तिथेच ते चुकले.

पहिली टोपली मावशीचीच पडली. मग काठ्या, मग लाथा. दाढी ओढली तर हातात आली. ज्या तोंडांनी मागच्या बाजारी मला हसून मारलं होतं तीच तोंडं आता त्याच हसण्याने बुवांना मारत होती, आणि खोटं कशाला सांगू, पहिल्या दोन लाथा मला गोड लागल्या. मग बुवांच्या कानातून रक्त आलं. कुणी म्हणालं, "पुलावरून टाका." लुओ उठला, बायकोच्या हातातून सुरा घेतला आणि झुलत पुढे आला.

मी बुवांवर आडवा पडलो. "मार. पण ह्याला कापून तुझा घसा मोकळा होणार असेल तरच मार. मागच्या बाजारी तुम्ही विचार न करता मला मारलं, आज विचार न करता ह्याला मारताय. शिकलात काय मग?"

लुओने सुरा उचलला. मग त्याचा श्वास अडकला, तोंड निळं पडलं आणि तो गुडघ्यांवर आला. सुरा दगडावर खणकन पडला.

बुवांना चौकीवर नेलं. लुओला डुकरं वाहायच्या ट्रॅक्टरमध्ये, पुढे वाकवून बसवलं, आडवा होऊ दिला नाही. शुहुआ वाटभर त्याला एकच सांगत होती, "श्वास घ्या, मग हवं तर मला मारा." जिल्ह्याच्या इस्पितळात दातांच्या डॉक्टरीणबाईंनी जबड्याखाली छेद दिला. जो पू निघाला त्याच्या वासाने मी, डुकरांचा डॉक्टर, बाहेर जाऊन ओकलो.

"त्या दिवशी ठणका का थांबला?" मी नंतर विचारलं.

"तिरफळाच्या पुडीने हिरडी बधिर झाली. आणि आतली नस मेली," त्या म्हणाल्या. "मेलेलं दुखत नाही. पण सडतं. अजून थोडा उशीर केला असता तर तुमच्या बहिणीचा नवराही दुखायचा थांबला असता."

लुओ परत आला तेव्हा अंगाने अर्धा उरला होता, गळ्याला पट्टी, खिशात कागदात बांधलेली दाढ. पहिल्याच बाजारी त्याने दुकान उघडलं, मांस कापायच्या ओंडक्यावर दाढ ठेवली आणि सगळ्यांना बोलावलं. मला समोर उभं केलं. माझ्या दाताकडे त्याने पाहिलं नाही. शुहुआने त्याचा हात धरून त्याला तो पाहायला लावला, तेव्हा त्याची मान खाली गेली.

"माझ्या हातचं आहे," तो खरखरत्या आवाजात म्हणाला. आणि शुहुआला, "तुझं मनगटही." मग गर्दीकडे वळला. "मला अजून वाटतं आत किडा असणार. बघू."

त्याने सुऱ्याच्या पाठीने एकच ठोका दिला. दाढेचे दोन तुकडे झाले. आत काळं भोक होतं, सड होती, घाण वास होता. लुओने बोटाने चाचपलं, उजेडाकडे धरलं, छाओ मावशीला दिलं. मावशीने पुढच्याला दिलं. तुकडे सगळ्या बाजारात फिरून परत ओंडक्यावर आले. किडा कुणालाच सापडला नाही.

तर दात अचानक दुखला की मिठाच्या पाण्याने चूळ भरा, गालावर गार घडी ठेवा, गोळी गिळा आणि डॉक्टर गाठा. तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर त्याच क्षणी निघा. ठणका थांबला म्हणून घरी बसू नका. आणि कुणी तुमच्या दाढेतून किडा काढून दाखवला तर त्याला मारू नका, त्याच्या पायाही पडू नका. त्याला फक्त आमच्या पुलावर घेऊन या. सिंह अजून तोंड उघडं ठेवून बसला आहे.